न सुटलेलं गिरान

झुंबरबाईने पितळी परातीत पाणी ओतलं, मधोमध मुसळ टेकवलं आणि हळूच दोन्ही हात काढून घेतले. मुसळ उभंच राहिलं.

"लागनं," ती म्हणाली.

अंगणात उभ्या असलेल्या अभिमनने मावळतीकडे पाहिलं. सोनगीरच्या किल्ल्यावर सूर्य अजून कासराभर होता आणि नुसत्या डोळ्यांना त्याच्यात काही उणं दिसत नव्हतं. पण मायचं मुसळ पंचांगाच्या पुढे धावतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ग्रहण लागलं की मुसळ आपोआप उभं राहतं आणि सुटलं की आपोआप पडतं. सपाट बुडाचं मुसळ सपाट परातीत एरवीही उभं राहतं, हे त्याने पोरपणी माय बाजाराला गेलेली असताना करून पाहिलं होतं. ते पडायचं तेही दर वेळी मायचाच पाय परातीला लागून. पण हे घरात बोलायची सोय नव्हती.

साल चोपन्नचं. मृग कोरडा गेला होता, आर्द्रा लागून आठ दिवस झाले होते. मिरचीचं रोप मोटेच्या पाण्यावर कसंबसं तग धरून होतं, आणि मोटेचा नाडा सतरा ठिकाणी गाठी मारून चालवलेला. एकेक गाठ चाकावरून जाताना मोटेला असा हिसका बसायचा की अर्धं पाणी विहिरीतच परत जायचं. प्रत्येक हिसक्याला अभिमनला वना आठवायचा आणि तोंड कडू व्हायचं.

वना मांग या घराचे नाडे वळायचा. त्याच्या बापानेही वळले होते. चैत्रात, गव्हाच्या खळ्यावर, वना नवा नाडा घेऊन आला तेव्हा त्याच्यासोबत त्याचा मुलगा सुकदेव होता, धुळ्याच्या गिरणीत दोन वर्षं काढून आलेला. नाडा खळ्याच्या कडेला ठेवून सुकदेवने उपरणं पसरलं. अभिमनने सूप भरलं, नेहमीसारखं खांद्याएवढं उचललं आणि वरून गहू सोडला. अर्धा उपरण्यात पडला, अर्धा मातीत.

"हातमा द्या ना, भाऊ," सुकदेव म्हणाला. "वरथून सांडस."

खळ्यावर दहा माणसं होती. दहांनीही मान वर केली.

"हातमा?" अभिमन म्हणाला. "तुना हातमा?"

सुकदेवने उपरण्यातला गहू आहे तिथेच ओतला, नाडा उचलून खांद्यावर टाकला आणि तो चालू लागला. तेव्हा गप्प बसला असता तर अभिमनचं काही बिघडलं नसतं. पण दहा माणसांसमोर गप्प बसणं पाटलाच्या जिभेला कधी जमलं आहे? तो वनाला म्हणाला, "नेई ले तुना नाडा. गिरान लागी तवय येशीच ना मना दारवर पदर पसराले! तवय देखसू."

माणसं हसली. वना मुलाच्या मागून सावकाश निघून गेला.

आणि आता ग्रहण लागलं होतं.

जोशीबुवांनी पंचांग आधीच वाचून दाखवलं होतं. "मारवाडात खग्रास. तिकडे दिवसाउजेडी चांदण्या दिसतील. आपल्याकडे मात्र सूर्य अर्धाअधिक ग्रासलेला असतानाच मावळणार. त्याला ग्रस्तास्त म्हणतात. मोक्ष दिसायचा नाही. म्हणून उद्या शुद्ध बिंब पाहून स्नान करायचं, मगच अन्नपाणी."

"मंग सुटी कवय?" झुंबरबाईने विचारलं होतं.

"सुटेल की रात्री, खाली. आपल्याला दिसणार नाही इतकंच."

"खाल सुटनं ते कोन देखी?" यावर बुवांनी पंचांग मिटलं होतं.

शाळेच्या गुरुजींनी गावाला काय काय पाहायचं ते सांगितलं: काचेवर काजळी धरून सूर्य पाहा, पाखरं पाहा, झाडाखालचं ऊन पाहा. झुंबरबाईने घराला काय पाहायचं नाही ते सांगितलं. चुलीकडे पाहायचं नाही, विळ्याला हात लावायचा नाही, विहिरीत दोर सोडायचा नाही. तिने स्वतः आदल्या रात्री भाकरीचा चतकोर खाल्ला होता. पहाटे वेध लागल्यापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. वय पंच्याहत्तर, अंगात मांस म्हणून नाही. पण या बाबतीत तिला कोणी सांगायचं?

अभिमन बैल बांधायला निंबाखाली गेला आणि थबकला. निंबाच्या पानांमधून खाली पडणारे उन्हाचे कवडसे रोज गोल असत. आज एकूण एक कवडसा विळ्याच्या आकाराचा होता. जमिनीवर, बैलांच्या पाठींवर, त्याच्या स्वतःच्या सदऱ्यावर शेकडो विळे हलत होते. एक विळा बैलाच्या डोळ्यावर होता आणि बैल हूं की चूं करत नव्हता.

उजेड उतरू लागला, पण संध्याकाळचा उतरतो तसा नाही. संध्याकाळ तांबूस होते, हा उजेड राखाडी होत गेला. मनगटावरचा एकेक केस सावलीत वेगळा दिसायला लागला. कोंबड्या कोणी न हाकता खुराड्यात शिरल्या. वारा पडला, आणि मग पायाशी अगदी गार असा एक झोत आला, विहिरीच्या तळातून यावा तसा.

भिकुबाई, त्याची बायको, दारात येऊन उभी राहिली. "आयकतस का?" ती हळूच म्हणाली.

"काय?"

"काहीच आयकू येत नही."

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. ग्रहण लागलं की मांगवाडा उठायचा. डफ वाजायचा, गल्लीगल्लीतून आरोळ्या यायच्या, "दे दान, सुटे गिरान!" पोरं, म्हातारे, बाया झोळ्या घेऊन दारोदार फिरायच्या. गावाला त्या गलक्याची इतकी सवय की कोणी कान देऊन ऐकायचं नाही. आज तिकडून कुत्र्याचाही आवाज नव्हता. चुलीचा धूर नव्हता. सगळं गाव आपापल्या दारात सूप भरून उभं होतं आणि घ्यायला कोणी येत नव्हतं.

सूर्य किल्ल्यावर टेकला. आता काचेची गरज उरली नव्हती. त्याचा वरचा भाग खाल्लेला होता आणि दोन टोकं शिंगांसारखी वर आली होती. शिंगं बराच वेळ तटबंदीवर दिसत राहिली. मग एक बुडालं, मग दुसरं.

"आते?" भिकुबाई म्हणाली.

झुंबरबाई ओट्यावर परातीसमोर बसली होती. मुसळ उभं होतं. "कोनीच वरडनं नही," ती म्हणाली. "सुटाले कोनी सांगंच नही त्याले."

त्या रात्री तिने पाठ टेकली नाही. पहाटे अभिमन उठला तेव्हाही ती भिंतीला टेकून तशीच बसलेली, डोळे परातीवर. ओठांवर पांढरं धरलं होतं.

"माय, उजाडनं. पानी पी ले."

"सूर्य कोठे शे?"

अभिमन बाहेर आला. गेले महिनाभर ज्या ढगांसाठी गाव देव पाण्यात घालून बसलं होतं ते नेमके आज आले होते. काळे नाहीत, पांढरेही नाहीत. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नुसतं मातकट झाकण. पाऊस पडेना आणि सूर्य दिसेना. त्याने जोशीबुवांना बोलावून आणलं. बुवा लांबूनच म्हणाले, "आजीबाई, सूर्योदय झाला, शास्त्र झालं. ढगांमागे बिंब शुद्धच आहे. स्नान करून पाणी घ्या."

"तुमले दिसनं का?"

"गणितानं कळतं ना."

"मले गणित येत नही," झुंबरबाई म्हणाली. "या घरमा बठ्ठा जनम वना, नही ते त्याना बाप वरडे, मंग मी दान देऊ, मंग मुसळ पडे, मंग पानी. आते दान कोनी लिधं नही. गिरान घरमाच शे."

बुवा गेले. दिवस वर आला म्हणायचा तो वेळेवरून. उजेड पहाटेचा तसाच दुपारी राहिला. भिकुबाईने पाण्याचा तांब्या सासूच्या ओठांशी नेला, तेव्हा म्हातारीने दात असे आवळले की तांब्याच्या काठाचा वळ हिरडीवर उठला. मग ती अभिमनकडे टक लावून पाहायला लागली. त्याच्याकडे नाही, त्याच्या पायांकडे.

"तुले सावली नही," ती म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. खरंच नव्हती. ढगाळ दिवशी कोणालाच नसते हे कळूनही त्याच्या पाठीवर काटा आला. बैलांना नव्हती, निंबाला नव्हती, परातीतल्या मुसळालाही नव्हती.

"खाल अडकेल शे तो," माय कुजबुजली. "जमीनखाल. मले आयकू येस." आणि तिने ओट्याच्या सारवलेल्या जमिनीला कान लावला. पुन्हा उठता आलं नाही. दोघांनी धरून बसवलं. तिची नाडी अभिमनच्या बोटांना लागेना. लागली तेव्हा इतकी बारीक की लागली नसती तर बरं, असं त्याला वाटलं.

"आज दिवस काढतीन त्या, उद्या नही," भिकुबाई म्हणाली. "जा. त्यासले बलाई आना."

कोणाला, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

मांगवाडा गावाच्या उगवतीला. पंचेचाळीस वर्षांत अभिमन तिथे बाभळीपर्यंत गेला होता आणि बाभळीशी उभं राहून हाक मारली की काम होत असे. आज बाभळीशी उभा राहिला आणि कोणाला, कशी हाक मारावी ते त्याला सुचेना. वना समोरच होता. झोपडीबाहेर बसून अंबाडीचे पेड वळत होता. त्याने पाहिलं आणि पुन्हा पेडाकडे मान खाली घातली. मग अभिमन बाभूळ ओलांडून आत गेला.

"मोठी माय कशी शे?" वनानेच विचारलं.

"कालदिनथून पानीना घोट नही. तुना आवाज आयकाशिवाय पेनार नही म्हनस." तो आणखी एक पाऊल पुढे आला. "वना, एक डाव चाल. एकच डाव वरड. तिना जीव जाई रे."

झोपडीतून सुकदेव बाहेर आला. "आम्ही बठ्ठासनी मरीमायपुढे बेलभंडार उचला शे, भाऊ. गिरानना दाना आते कोनी लेवाव नही."

"मी चैतमा बोलनू ते चुकनू."

"ते खळावर दहा मानससमोर बोलनात. आठे एकलाले सांगतस."

अभिमन तिथेच उभा राहिला. वनाचे हात थांबले नव्हते.

"मी वरडनू म्हंजे सूर्य सुटस, आसं म्हनतस ना तुम्ही?" वना सावकाश म्हणाला. "मंग मी बराच मोठा व्हयनू, भाऊ. मंग मले दाना वरथून का बरं टाकतस?"

वनाने पेड खाली ठेवला. "मोठी मायनी मनी बायकोना बाळंतपनले चार रोज पेज धाडी व्हती. मी इसरनू नही. पन बेलभंडार मोडता येत नही." तो उठला, मेढीवरची घोंगडी काढली, झटकली. "तुले बी तोंड शे. 'दे' लांब वढजो, मंग थांबजो. 'सुटे' खालथून उचलजो. चाळीस साल आयकी ऱ्हायनी ती, दुसरी तऱ्हा चालाव नही."

त्याने घोंगडी पुढे केली. हातात. अभिमनचा हात सवयीने मागे गेला, मग पुढे आला. घोंगडी घेताना वनाची बोटं त्याच्या बोटांना लागली. अंबाडीने चिरलेली, खरबरीत, त्याच्यासारखीच. सुकदेव बघत होता.

घराच्या मागच्या बाजूला परसाची पडकी भिंत होती. तिच्याआड अभिमनने डोक्यावरून घोंगडी घेतली आणि तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. आपल्याच घराच्या मागे उभं राहून मागायचं कसं, हे कोणी त्याला शिकवलं नव्हतं. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. त्याने डोळे मिटले.

"देऽऽऽ... दान, सुऽऽटे गिराऽऽन!"

पहिली हाक फाटली. दुसरी जमली. तिसरीला त्यालाच भास झाला की मागे कोणीतरी उभं राहून आपल्या तोंडून ओरडतं आहे, आपला बाप जन्मायच्या आधीपासून ओरडतं आहे. ढगांखाली ती हाक कुठे आपटली नाही, नुसती जात राहिली.

आत हालचाल झाली. भिकुबाईचा आवाज आला, "धरस तुमले, हळू." मागचं दार उघडलं. झुंबरबाई सुनेच्या आधाराने उभी होती, हातांत ज्वारीचं सूप, खांद्यावर जुनं लुगडं.

"कोन शे?"

"वना," तो घोंगडीतून घोगरं बोलला.

"दूर सरक."

तो एक पाऊल मागे सरला. त्याने घोंगडीचं टोक पसरलं. मायने सूप उचललं. अंगात त्राण नव्हतं, पण सूप खांद्याएवढं वर गेलंच, आणि कलंडलं. वरून पडलेली ज्वारी हाताला लागते, हे अभिमनला आज कळलं. आणि ती सांडते. अर्धी घोंगडीत आली, अर्धी मातीत गेली. वर लुगडं येऊन पडलं.

दाणा सांडला की शेतकऱ्याचा हात आपोआप खाली जातो. अभिमन वाकला. उकिडवा बसून मातीतले दाणे तो वेचू लागला, एकेक, नखाने उकरून. दार मिटल्याचा आवाज झाला नाही. त्याने मान वर केली नाही. माय तिथेच उभी होती आणि तिचे सुकलेले, भेगाळलेले पाय त्याला दिसत होते.

मग पाय वळले. लाकूड जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मुसळ पडलं नव्हतं. कोणीतरी हाताने आडवं केलं होतं. थोड्या वेळाने अंगावर पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि नंतर, कान देऊन ऐकला तेव्हा, तांब्यातून घोटाघोटाने पाणी जाण्याचा. अभिमन भिंतीला टेकला आणि रडला. पोरासारखा रडला.

दाणे घेऊन तो दारात गेला तर भिकुबाई आडवी झाली. "गिरानना दाना घरमा आनतस का? बठ्ठं गिरान त्यामा शे!" गोठ्यात नेले तर बैलाने हुंगून तोंड फिरवलं. घोंगडी परत करायला मांगवाड्यात गेला, तेव्हा सुकदेवने घोंगडी हातात घेतली, दाण्यांकडे बोट केलं आणि म्हणाला, "ते नही." वना पेड वळत होता. त्यानेही वर पाहिलं नाही.

घरचं धान्य घरात येईना, आणि कोणी घेईना. अभिमन उपरण्यात दाणे आणि लुगडं बांधून शेतावर गेला. बांधाच्या कोपऱ्यात कुदळीने खड्डा केला, सगळं आत ओतलं आणि माती लोटली. वर पाय देऊन दाबताना खालून काहीतरी दाबतं आहे असं वाटून त्याने पाय काढून घेतला. परतताना त्याने तीनदा मागे पाहिलं.

तो घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. झुंबरबाई ओट्यावर बसून ताकात कुस्करलेली भाकरी खात होती, फार सावकाश. परात धुऊन भिंतीला लावली होती. बारीक भुरभुर सुरू झाली होती आणि निंबाखालची माती काळी होत होती. अभिमन तिच्याजवळ खाली बसला. नखांत अजून माती होती. त्याने हात मांडीखाली दडवले.

"वना कधी वाकना नही," माय म्हणाली.

"काय?"

"चाळीस साल मी त्याले दान दिधं. दाना सांडे, तो उभा ऱ्हाये. मी दार लावू, मंग वाके. मना देखता कधी वाकना नही तो."

अभिमनने हात मांडीखालून बाहेर काढले. "मंग समजनं तरी मुसळ कसाले आडवं करं, माय?"

तिने घास गिळला. पाण्याचा तांब्या जवळ ओढला, पण लगेच प्यायली नाही.

"मना पोऱ्या मना पायसजोडे दाना येची ऱ्हायना व्हता," ती म्हणाली. "आजून काय देखाले बठू?"

पाऊस थोडा वाढला. मायने एक घोट घेतला, पदराने तोंड पुसलं.

"जोशी सांगे, येता सालले बी जेठ आवसले गिरान शे."

"हाव."

"तवय बी तूच येजो," झुंबरबाई म्हणाली. "पन मी दार लावस नही तवलोंग वाकू नको."